मागे घेतलेली सही

फोन तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा शेजारी बसलेल्या ओडेसा प्रेविटबाई म्हणाल्या, "अरे, घे की. घरच्यांचा जीव टांगणीला लागला असेल."

खासदार रॉयस हॉलबर्गनं पाहिलं. फोन घरचा नव्हता, कोच स्टॅम्परचा होता.

दुपारपासून दोनेकशे खासदार या बंद सभागृहात मिळेल तिथं बसून होते. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या निकालावर शिक्कामोर्तब चालू असतानाच जमाव अमेरिकी संसदेची दारं फोडून आत शिरला, आणि पोलिसांनी सगळ्यांना भुयारातून इथं आणलं. कुणाच्या मांडीवर गॅसचा मुखवटा, कुणाच्या हातात बिस्किटाचा पुडा. एका राज्याच्या मतमोजणीला हरकत घेणारा अर्ज होता, त्यावर रॉयसची सही होती. प्रेविटबाई दुसऱ्या पक्षाच्या, सत्तरी ओलांडलेल्या. पळताना त्यांना दम लागला म्हणून रॉयसनंच त्यांना हात धरून आणलं होतं.

त्यानं फोन कानाला लावला.

"रॉयस! पोचलो रे आम्ही! आत आहोत, गोल घुमटाखाली. तू कुठल्या अंगाला आहेस?"

"सर? तुम्ही इथं काय करताय?"

"म्हणजे? तूच बोलावलंस ना! गावच्या सभेत काय म्हणालास, वॉशिंग्टनला या, माझ्या पाठीशी उभे राहा. सहा जण आलोय. रात्रभर बसमध्ये होतो, गुडघ्यांचं पार भजं झालंय."

कोच एकाहत्तर वर्षांचे. त्यांनी रॉयसला कुस्ती शिकवली. रॉयसचे वडील गेले, त्यानंतर वर्षभर तो रोज संध्याकाळी त्यांच्याच घरी जेवला.

"सर, ऐका माझं. बाहेर पडा. घरी जा. पोलीस पकडतील."

"पकडू देत की! इथं एक कोवळा पोलीस आमच्यासमोर रडतोय. डोळ्यांत काहीतरी गेलंय त्याच्या. मला बघवत नाहीये, रॉयस. एवढंच सांग, निवडणूक चोरली ना? तू कागद पाहिलेस, आम्ही नाही पाहिले. थांब, फोन स्पीकरवर टाकतो, सगळ्यांना ऐकू दे."

रॉयसनं कागद पाहिले होते. फेरमोजणीचा अहवाल, कोर्टांचे निकाल, सगळं स्वतः बसून, पानन् पान वाचलं होतं. चोरीचा मागमूसही नव्हता. बायकोला तो तसं म्हणालाही होता. आणि मग म्हणाला होता, सही केली नाही तर पुढच्या वेळी तिकीट विसरायचं.

प्रेविटबाई त्याच्याकडे बघत होत्या. फोनमधला आवाज त्यांच्यापर्यंत स्वच्छ पोचत होता.

"ऐकतोयस ना?"

"हो सर."

"मग सांग की, खरं आहे ना?"

"हो."

"मोठ्यानं बोल, इथं गोंधळ आहे!"

"हो. खरं आहे."

पलीकडे आरोळी उठली. कोच ओरडले, "ऐकलंत? चला!" आणि फोन बंद झाला.

प्रेविटबाई भिंतीला हात टेकून उठल्या आणि पलीकडच्या रांगेत जाऊन बसल्या.

दिवेलागणीनंतर इमारत मोकळी झाली आणि कामकाज पुन्हा सुरू झालं. खासदार एकेक करून आपल्या जागी परतले. वाटेत काचा पडल्या होत्या. हाताला पट्टी बांधलेला एक पोलीस प्रत्येकाला सांगत होता, "जपून साहेब, जपून बाई." रॉयसला त्याच्याकडे मान वर करून बघवेना.

त्याची पाळी आली. खिशातलं लिहून आणलेलं भाषण त्यानं काढलंच नाही.

"आज इथं जी हिंसा झाली," तो म्हणाला, "ती पाहिल्यावर माझं मन मला ही हरकत पुढे रेटू देत नाही. मी माझी सही मागे घेतो."

टाळ्या पडल्या. दोन्हीकडून. खाली उतरताना कुणी पाठ थोपटली, कुणी म्हणालं, "याला म्हणतात छाती." समोरच्या पक्षाच्या पुढाऱ्यानं उठून हात मिळवला.

प्रेविटबाई वाटेच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

"हिंसा झाली म्हणून?" त्या हळूच म्हणाल्या. "आणि झाली नसती तर?"

तो पुढे निघाला, तशा त्या पुन्हा म्हणाल्या,

"त्या म्हाताऱ्याला तरी फोन केलास का?"

रॉयस बाहेरच्या दालनात आला. कोचचा फोन बंद लागत होता. त्यानं गावाकडचा, त्यांच्या घरचा नंबर फिरवला. कोचच्या बायकोनं, आर्डिथबाईंनी, पहिल्याच घंटेला उचलला.

"बरं झालं बाबा, तूच केलास. त्यांना पकडलंय. आत्ताच ठाण्यातून एक मिनिट बोलू दिलं. गुडघा सुजलाय म्हणाले, पण आवाज ठणठणीत होता. मला म्हणाले, 'तू घाबरू नकोस. मी इथल्या पोलीस साहेबांना सांगितलंय, आमच्या रॉयसला विचारा, त्यानं सगळे कागद वाचलेत.'"

"काकू..."

"तुझा नंबरही दिलाय त्यांनी. येईल फोन एवढ्यात." त्यांच्या मागे टीव्ही चालू होता, आणि त्यात त्याचाच आवाज येत होता. "काय सांगशील रे त्यांना?"