आलेले मेल

रामाकोन्याच्या घरातून भांडून निघून गेलेल्या अंकुशदादाचा जुना मेल उघडायला स्नेहानं स्वतः प्रोग्राम लिहिला. पासवर्ड दादानंच तिच्या नावाचा ठेवला होता. पण त्या मेलची सेवा प्रोग्रामला फक्त आलेले मेल उतरवून देई. त्यानं कोणाला काय लिहिलं, कोणता मेल वाचला, यातलं काही सांगत नसे. उतरले ते सगळे आईचे, स्नेहानंच टाईप केलेले. बाबा बिमार आहेत, ये. बाबा तुलेच विचारून राहिले, ये. शेवटचा, बाबा गेले त्या दिवशीचा.

मागे उभ्या आईनं विचारलं, "वाचले काय व त्यानं?"

स्नेहाला तिच्याकडे बघवेना. "सगळे वाचले, आई."

आईनं शेवटच्या मेलवर बोट ठेवलं.

"वाचून भी नाही आला?"