खालून तिसरा घड

"ही चोरी आहे," प्राध्यापक नाजी बेन्नूर म्हणाले, "मी या प्रबंधावर सही करणार नाही."

विभागप्रमुख सलवा यांनी दोन पानं शेजारी शेजारी ठेवली. एक नाजींच्याच तीस वर्षांपूर्वीच्या प्रबंधातलं, टंकलेखन यंत्रावरचं. दुसरं त्यांची विद्यार्थिनी अहलाम हिच्या प्रबंधातलं. शब्द वेगळे, मजकूर एकच. दक्षिणेतल्या ऐन सल्हा गावात ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं असेल, त्या घरचे लोक खजूर उतरवताना मेलेल्याच्या कपड्यातून एक दोरा ओढतात आणि झाडाच्या खालून तिसऱ्या घडाला बांधतात. तो घड उतरवत नाहीत. पाखरांना ठेवतात.

अहलामने नाजींचं नाव कुठेच दिलं नव्हतं. चोरी ठरली तर विद्यापीठातून तिचं नाव काढून टाकलं जाणार होतं, आणि देशातल्या कुठल्याही विद्यापीठाचं दार तिला पुन्हा उघडणार नव्हतं. ती एवढंच सांगत होती, की सरांचा जुना प्रबंध तिने पाहिलेला नाही, गावातल्या मबरूका म्हातारीकडून ऐकलं ते लिहिलं.

"नाजी सर, तुम्ही ऐकलंत तसं तिनेही ऐकलं असेल," सलवा म्हणाल्या. "तुम्ही तिथे चाळीस दिवस राहिलात, प्रस्तावनेतच आहे."

"हे तिला कुणी सांगितलेलं असणं शक्य नाही."

"का?"

"मला सांगणारा तेव्हाच नव्वदीचा होता. त्याच्यामागे हे कुणाला ठाऊक नव्हतं."

सलवा म्हणाल्या, मग जाऊन विचारू. नाजींनी सात तासांच्या रस्त्याचं आणि गुडघ्यांचं कारण काढलं. सलवांनी उत्तर दिलं, की पोरीच्या आयुष्यापुढे गुडघे दोन दिवस दुखले तर दुखू देत.

विभागाच्या गाडीतून तिघं निघाले. ऐन सल्हाच्या अलीकडे रस्त्याला दोन फाटे फुटले तिथे ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि आरशातून नाजींकडे पाहिलं. नाजी चष्मा पुसत होते.

"तीस वर्षं झाली," ते म्हणाले. "रस्ते बदलतात."

"डावीकडे," अहलाम हळूच म्हणाली.

मबरूका अंगणात खजूर निवडत होती. तिने अहलामला जवळ ओढलं, डोक्यावर ओठ टेकले आणि लगेच सुरू झाली, "वाळलीस की गं. शहरात खायला घालत नाहीत, नुसतं वाचायला लावतात वाटतं."

मग निखाऱ्यांवर चहा चढला. पाहुणे कोण हे सलवांनी मुद्दाम सांगितलं नव्हतं. म्हातारीने नाजींनाही ओळखलं नाही. सलवांना ते बरंच वाटलं. आता उत्तर निर्मळ मिळेल.

घरातलं माणूस गेलं तर खजुराच्या वेळी तुम्ही काय करता, एवढंच त्यांनी विचारलं. म्हातारीने सांगितलं. दोरा, घड, पाखरं.

"तिसराच का?"

"मला काय विचारता बाई? तिसराच. दुसऱ्याला बांधून चालत नाही."

तिने त्यांना मागच्या बागेत नेलं. एका झाडाचे सगळे घड उतरवलेले होते. एकच उरला होता, त्याला निळा दोरा.

"हबीब," ती म्हणाली. "माझा धाकटा. वसंतात फळ धरावं म्हणून नर झाडाची फुलं बांधायला चढला, तो पडला. त्याच्या कामाच्या शर्टाचा दोरा आहे."

सलवांनी फाइल मिटली. एकच रीत, दोघांनी ऐकली, यात गुन्हा कुठे, असं म्हणून त्यांनी पेन पुढे केलं. नाजींनी घडाकडे पाहिलं, मग पेन घेतलं. सही झाली. अहलाम रडली नाही, हसलीही नाही. आपल्या हातांकडे बघत उभी राहिली. मग सलवा तिला घेऊन शेजारच्या बागेतली झाडं बघायला गेल्या.

नाजी तिथेच थांबले.

"उम्मी," त्यांनी तिला आई म्हणून हाक मारून विचारलं, "हे तुम्हाला आईने शिकवलं?"

"आई कसली? आईच्या वेळी असं कुणी करत नव्हतं." म्हातारीने शेजारच्या बागेकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पोरीला सांगितलं नाही मी. गावाची अब्रू आहे. आम्ही विसरलो होतो हो सगळे. शाळेच्या मास्तरने एक पुस्तक आणलं. राजधानीतल्या कुणा शिकलेल्या माणसाने लिहिलेलं. त्यात आमच्या गावाचं नाव, आणि आमचे आजे असं करायचे म्हणून लिहिलेलं. फार लाज वाटली. त्या वर्षापासून बांधतो."

नाजी पुन्हा चष्मा पुसू लागले.

"आधी आम्हीच हसायचो. मग एकेकाच्या घरचं माणूस जात राहिलं. हबीब गेला तेव्हा मला रडू आलं नाही. दगडासारखी बसून होते. दोरा ओढायला घेतला, तेव्हा कुठे हात हलले."

वाऱ्याने घड थोडा हलला.

"तुम्ही तिकडचे शिकलेले. तो पुस्तकवाला भेटला तर विचाराल? ज्या म्हाताऱ्याने त्याला हे सांगितलं त्याचं नाव काय? आमच्याच कुणाचा तरी आजा असणार. नमाजानंतर नाव घेऊ त्याचं."

विचारतो, असं नाजी म्हणाले. तीस वर्षांपूर्वी प्रबंधाला चार पानं कमी पडत होती, आणि ऐन सल्हात ते आज पहिल्यांदाच आले होते.