कुसुम मगदूम कुठे आहेत?

"सगळ्या छावण्यांत बघितलंसा का ताई? कुसुम मगदूम. माझी आई हाय." मदतकेंद्राच्या खिडकीतून शेवंताने पुन्हा विचारलं. पुराच्या धांदलीत ताटातूट झाल्यापासून आईचा पत्ता नव्हता.

खिडकीआड बसलेल्या मुक्ताच्या स्क्रीनवर पुन्हा 'सापडले नाही' आलं. छावण्यांकडून येणाऱ्या याद्यांच्या एक्सएमएल फायली वाचून नावं शोधणारा हा प्रोग्रॅम तिनेच लिहिला होता. शंका आली म्हणून तिने समोरच्या छावणीत भेटलेल्या एका आजोबांचं नाव टाकलं. तेही सापडेना! सकाळपासून किती लोकांना आपण उगाच रडवलं?

तिने घाईघाईने कोड उघडला. नाव दिसलं की फायल वाचणारा पार्सर ते टिपून घेणारी तिची मेथड बोलवत होता, पण ती मेथड कुठल्या ऑब्जेक्टची, म्हणजे नावं कुठल्या साठ्यात ठेवायची, हे तिने त्याला सांगितलंच नव्हतं. त्यामुळे वाचलेलं नाव साठवायला जागाच मिळत नव्हती. तिने मेथडच्या नावाबरोबर ऑब्जेक्टही पार्सरला दिला आणि पुन्हा शोधलं.

'कुसुम मगदूम, कारखान्याची छावणी.'

मुक्ताने तिथे फोन लावून शेवंताच्या हातात दिला. "आई!" एवढंच तिला बोलता आलं.

"रडतीस कशाला? म्हशीचं दावं कापलं हुतंस न्हवं?" पलीकडून खणखणीत आवाज आला.

"कापलं गं, कापलं!" शेवंता हसत ओरडली. मुक्ताने डोळे पुसले आणि परत गेलेल्या माणसांना हाका मारत ती बाहेर धावली.