ठसका

"साहेब जाईपर्यंत तुम्ही खुर्चीतून उठायचं नाही," शकुंतलाबाईंनी नवऱ्याला बजावलं.

गोविंदराव नुसतं हूं म्हणाले. निवृत्त सुभेदार माणूस. कारगिलला सुरुंगानं डोळे नेले, ताठा तेवढा ठेवला. मुलाची बँकेतली बदली म्हणून दोघं साताऱ्याहून जयपूरला, दुर्गापुऱ्यात आली आणि मदतनिसाचा भत्ता मधेच कुठेतरी अडकला. सरकारी काम, सहा महिने थांब म्हणतात. इथे दुसरं वर्ष लागलं होतं. बाईंचे गुडघे गेलेले, घर तिसऱ्या मजल्यावर. भत्ता सुटला तर एखादा माणूस ठेवून ह्यांना रोज खाली फिरायला तरी नेता येईल. नाहीतर आहेच बाल्कनीतला वनवास.

चौकशीला आलेले माथुरसाहेब भले गृहस्थ होते, पण विचारायचं ते त्यांनी विचारलंच. आंघोळ कोण घालतं, जेवायला कोण वाढतं, कपडे कोण देतं. बाई प्रत्येकाला "मीच" म्हणत गेल्या. गोविंदराव मान खाली घालून ऐकत होते. परक्या माणसापुढे नवऱ्याला असं पांगळं करताना बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात चिवड्यातली मिरची माथुरसाहेबांच्या घशात गेली. असा ठसका लागला की ते उठून बाल्कनीच्या दाराशी गेले. बाई गुडघ्यांवर हात ठेवून उठेपर्यंत गोविंदराव स्वयंपाकघरात पोचलेसुद्धा, भिंतीला बोट न लावता. झालं! घरी आलेली लक्ष्मी ह्यांनी आपल्या हातानं घालवली, असं बाईंच्या मनात आलं आणि त्या संतापल्या.

गोविंदराव काठोकाठ भरलेला पेला घेऊन आले आणि साहेबांच्या खुर्चीसमोर उभे राहिले.

"लीजिए साहब, पानी."

खुर्ची रिकामी होती. ठसका थांबलेले माथुरसाहेब तोंडावर रुमाल धरून दारातून बघत होते. बाई काही बोलणार, तोच त्यांनी हातानं थांबवलं. चवड्यांवर चालत ते परत आले, आवाज न करता खुर्चीत बसले आणि त्यांनी पेल्याला हात घातला. दोघांचे हात एकमेकांवर आपटले, अर्धं पाणी साहेबांच्या मांडीवर गेलं.

उरलेलं पाणी ते प्यायले. मग 'मदतनीस आवश्यक' या ओळीपुढे बरोबरची खूण करून त्यांनी कागद बाईंना दाखवला.

"गिरा तो नहीं?" गोविंदरावांनी विचारलं.

माथुरसाहेबांनी भिजलेल्या पँटवरून हात फिरवला.

"एक बूँद भी नहीं, सूबेदार साहब."