कनवटीची किल्ली

"समजा, समोर तुमचं घर आहे. दार उघडा आणि आत शिरा," कार्यशाळा घ्यायला आलेली मुलगी म्हणाली. "बोलायचं नाही. गोष्ट हातापायांनी सांगायची."

वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये आम्ही सगळ्या म्हाताऱ्या उठलो. हवेतली किल्ली हवेतल्या कुलपात फिरवली. मीही मुलानं विकलेल्या माझ्या घरात शिरले आणि चहाचं आधण ठेवलं.

दाराशी अडल्या त्या एकट्या चौबळबाई. खरी किल्ली होती ती फक्त त्यांच्याकडे. कनवटीला खोचलेली ती किल्ली दाखवून त्या रोज आम्हाला ऐकवायच्या, "मी काही तुमच्यासारखी नाही. हौसेनं राहते इथे. मनात आलं की घरी जाईन." मला त्यांचा मनस्वी राग यायचा.

आता त्या हवेत एक बोट दाबत होत्या. थांबत होत्या. पुन्हा दाबत होत्या.

"बेल कशाला, आजी? किल्ली लावा ना," मुलगी हसून म्हणाली.

"दिवाळीला गेले होते. कुलूप बदललंय मुलानं."

"अहो, कल्पनेतलं घर आहे. कुठलीही किल्ली चालेल."

चौबळबाईंनी बोट काढलं नाही. मी माझा गॅस बंद केला, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि आतून कडी काढली.

"या, चौबळबाई."

त्या आत आल्या. पण पायातल्या चपला काढून त्यांनी हातातच धरल्या.

"बसत नाही," म्हणाल्या. "लगेच निघते."