रानडुक्कर

बाबांच्या तेरवीचं सामान आणायला मी दिवाकरकाकांच्या जीपमधून पांढरकवड्याला निघाले. पहाटे फिरायला गेलेल्या बाबांना कुठल्याशा गाडीनं उडवून दूरवर फरफटत नेलं होतं. मी विणलेला जांभळा मफलर त्यांच्या गळ्यात अर्धाच उरला होता. तिरडीला पहिला खांदा काकांनी दिला होता.

वाटेत इंजीन तापलं. कसंबसं गॅरेज गाठलं.

"रेडिएटर फुटला, भाऊ. कायले धडकवली गाडी?" मिस्त्रीनं विचारलं.

"रानडुक्कर आडवं आलतं."

"मंग तेरवी घातली का त्याची?" मिस्त्री हसला.

काका हसले नाहीत. "नवा टाक. तांब्याचाच टाक, अ‍ॅल्युमिनियमचा टिकत नाही."

"दाखवतो. तोवर झाकण खोलू नका. उकळतं पाणी तोंडावर उडन." मिस्त्री आत गेला.

मी वाकून तुटक्या जाळीतून पाहिलं. रेडिएटरच्या पात्यांवर रक्त सुकलं होतं, आणि त्यात जांभळी लोकर चिकटली होती.

काकांना दम निघत नव्हता. फडकं घेऊन ते झाकणावर ओणवे झाले. "पोरी, हात लावून पाह्य बरं, थंडं झालं काय?"

मी रेडिएटरवर हात टेकवला. तळव्याची कातडी भाजून निघाली. मी हात तसाच ठेवला.



"झालं, काका. उघडा."