मूळ वायर

मास्तर गेल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी, भर दुपारी, त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावरील शिकवणीच्या खोलीत पारखी दाखल झाला. मास्तरांच्या थोरल्या ॲम्पची किंमत ठरवायची होती. निदान वहिनींनी त्याला तेवढ्यासाठीच बोलावले होते.

गिटारचे जुने ॲम्प्लिफायर पाहून त्यांचे साल, कूळ आणि लायकी सांगणे हा त्याचा धंदा, म्हणून त्याला सारे पारखी म्हणत. गिटार शिकवणारे मास्तर त्याचे बालमित्र. ‘ॲम्पचा शॉक बसला’ एवढेच त्याला फोनवर कळले होते. एक हात गिटारच्या तारांवर, दुसरा कोपऱ्यातल्या नळावर. पुढचे त्याने विचारले नव्हते, कारण पुढचे त्याला ठाऊक होते.

“तारांना हात लावला की मुंग्या येतात रे,” मास्तर मागे एकदा म्हणाले होते. “थोरल्याला तीन पिनांची वायर लावून घेऊ का?”

“खबरदार! मूळ वायर गेली की अर्धी किंमत गेली. अर्थिंग नाही म्हणून काय झालं? मुंग्या येतात तर येऊ देत, तेवढाच हाताला व्यायाम.”

दोघेही हसले होते. ते हसणे आता पारख्याला झोपू देत नव्हते.

त्याच्या पिशवीत आज, हत्यारांच्या खाली, तीन पिनांची एक वायर होती. कोणी पाहण्याआधी ती थोरल्याला जोडायची आणि जुनी घेऊन निघायचे, असा त्याचा बेत होता. हा बेत नीचपणाचा आहे हे त्याला पुरते कळत होते. तरीही जिना चढताना त्याने पिशवी छातीशी धरली होती.

दाराशीच धाकटा ॲम्प होता, चादरीत गुंडाळलेला. पारख्याने पिशवी त्यावर टेकवली. तो त्यानेच दिलेला; एका दुकानाच्या भंगारात सापडलेला, शिक्का नाही, नाव नाही. वरची धूळ पुसून, होता तसा त्याने तो मास्तरांच्या वाढदिवसाला आणला, तेव्हा मास्तर पोरासारखे हरखले होते. मैत्रीत आपल्या हातून निदान एवढे तरी चांगले घडले, या विचाराने त्याला क्षणभर धीर आला.

“वहिनी, पाणी मिळेल का?”

वहिनी खाली गेल्या. त्याने घाईने थोरला ॲम्प फिरवला. मागच्या जाळीवर धुळीचा जाड थर होता. खोली बंद होती, दुसरे काय, असे म्हणत त्याने तो फुंकला आणि हात आत घातला.

वायर तीन पिनांची होती. अर्थिंगची तार पत्र्याला स्क्रूने घट्ट आवळलेली, आणि स्क्रूवर कित्येक वर्षांचा गंज.

मास्तरांनी त्याचे ऐकलेच नव्हते! पारख्याने त्या गंजावरून बोट फिरवून पाहिले. ज्या अवज्ञेचा त्याला एरवी संताप आला असता, तिच्यापुढे आज त्याचे हात जोडले गेले.

वहिनी पाणी घेऊन आल्या. मागोमाग त्यांचे थोरले भाऊ. वायरमन होते, त्यांना सगळे दादा म्हणत.

“काय झालं भावजी? घाम किती आलाय!”

“काही नाही. याची वायर बदललीय, वहिनी. किंमत जरा कमी येईल.” बोलून गेल्यावर तो ओशाळला, पण आवाजातला हलकेपणा त्याला लपवता आला नाही.

“मीच बदलली,” दादा म्हणाले. “झाली की बरीच वर्षं. मास्तर म्हणाले, गुपचूप उरका, पारख्याला कळलं तर माझी चामडी सोलेल.”

वहिनींच्या चेहऱ्यावर हसू उमटले आणि लगेच विरले.

“बरं केलंत, दादा. फार बरं केलंत.” पारख्याने पाणी एका दमात संपवले. आता त्याला विचारता येत होते. “मग शॉक बसला तरी कसा?”

भावाबहिणीने एकमेकांकडे पाहिले.

“तुम्हाला कुणी सांगितलं नाही?” वहिनी म्हणाल्या. “अहो, हे धेंड ते वाजवायचेच नाहीत. हे ठेवणीतलं. रोजचा तो, दाराजवळचा. म्हणायचे, या पिल्लाच्या आवाजाची त्याला सर नाही. आमचा पारखी एवढी मोठी पारख करतो, पण याला भंगार म्हणताना त्याचे कान कुठे गेले होते कोण जाणे.”

दादांनी दाराशी जाऊन पारख्याची पिशवी अलगद बाजूला ठेवली आणि चादर ओढली. धाकट्या ॲम्पच्या पाठीवर गुंडाळलेली वायर होती, जुनी, दोन पिनांची.

“याचीही बदलतो म्हटलं होतं मी,” दादा म्हणाले. “तर मास्तर म्हणाले, याला हात लावू नका. हा पारख्याने स्वतः तपासून दिलाय.”